चंपाषष्ठीला बाजिंद

"यंदा कुत्रं देवळात नेऊ नगा," असं गोजाबाई मला तीन वेळा म्हणाली. पहिल्यांदा चंपाषष्ठीच्या आठ दिवस आधी, दुसऱ्यांदा चुलीत वांगी भाजताना आणि तिसऱ्यांदा मी बाजिंदच्या गळ्यात दोर अडकवत होतो तेव्हा. गोजाबाई माझी बायको. एकच गोष्ट तीन वेळा सांगायची तिची रीत नाही. ती एकदा सांगते, मग गप्प बसते आणि पुढे माझं नुकसान झालं की भाकरी वाढताना नुसती माझ्याकडे बघते. म्हणजे मला तेव्हाच उमजायला हवं होतं.

मी भिमाजी. निघोज्याच्या पलीकडे, इंद्रायणीच्या कडेला आमची पस्तीस उंबऱ्यांची वाडी आहे. सातवी फायनल झालेला वाडीत मी एकटा. त्यामुळे पत्रं वाचून घ्यायला आणि लिहून घ्यायला सगळे माझ्याकडे येतात. कुणाची लेक सासरी नांदत नाही, कुणाचा भाऊ मुंबईला गिरणीत आजारी पडला, हे घरच्यांच्या आधी मला कळतं. याचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू.

छप्पन साली भाद्रपदात माझा एकुलता एक मुलगा ज्योतीराम तापानं गेला. बावीस वर्षांचा होता. नऊ दिवस ताप होता, दहाव्या दिवशी तो नव्हता. मी रडलो नाही. हे काही मोठेपण म्हणून सांगत नाही. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो आणि चिमटा काढला तरी कळत नाही, तसं माझ्या छातीत झालं होतं. दहावा केला, तेरावा केला, बाजरी काढली, कणसं खळ्यावर आणली. लोक भेटायला यायचे, बोलायचे, चहा पिऊन जायचे. मी त्यांची तोंडं हलताना बघत बसायचो. जेवणात मीठ नसलं तरी मला कळत नव्हतं आणि गोजाबाईचं मीठ त्या दिवसांत बरेचदा राहून जायचं.

एकाच गोष्टीकडे माझं लक्ष होतं, ती म्हणजे बाजिंद. तांबडा, एक कान मोडलेला कुत्रा. ज्योतीरामनं तो पाच वर्षांपूर्वी चाकणच्या बाजारातून धोतरात गुंडाळून आणला होता. तेव्हा मी म्हणालो होतो, "माणसांना भाकरी पुरंना, त्यात हे आणखी एक तोंड." पुढे कधी मी त्याला नावानं हाक मारली नाही. "ए" आणि "हाड" एवढ्यावर आमचं चालायचं. पण ज्योतीराम गेल्यावर घरात त्याचं म्हणावं असं दुसरं काय होतं? पैरण आणि पागोटं दिलं वाहून. जोडे एकाला दिले. राहिला तो बाजिंद.

दिवे लागायच्या सुमाराला बाजिंद घरातून नाहीसा व्हायचा आणि आमची जेवणं उरकली की परत येऊन उंबऱ्याशी पडायचा. मी समजून चुकलो की हा नदीवर जातो. ज्योतीरामला आम्ही जिथं अग्नी दिला तिथं जाऊन बसतो. मी हे पत्रं लिहून घ्यायला येणाऱ्यांना सांगायचो. म्हणायचो, "बघा, मुकं जनावर, पण रोज जातं." लोक माना डोलवायचे आणि खाली बघायचे. मला वाटायचं, त्यांना गहिवरून येतंय. खरंच नदीवर जातो का, हे बघायला मी कधी त्याच्या मागं गेलो नाही. ती जागा बघायचं माझ्यानं होत नव्हतं.

मी त्याला भाकरी टाकली तर तो माझ्यासमोर खायचा नाही. मी आत गेलो की खायचा. मी हात लावला तर उठून दुसरीकडे बसायचा. त्यात त्याची चूक नव्हती, पाच वर्षं मी त्याला हाडहूडच केलं होतं. पण आता मला तो हवा होता. तो माझा आहे, हे कुणीतरी मला सांगायला हवं होतं आणि माणसांनी सांगितलेलं माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. म्हणून मी देवाकडून वदवून घ्यायचं ठरवलं.

आमच्या वाडीची ही रीत आसपास कुठं नाही. चाकणच्या बाजारात आम्हाला "कुत्र्यांच्या पंगतीवाले" म्हणून चिडवतात. खंडोबाबरोबर कुत्रा असतो आणि चंपाषष्ठीला कुत्र्याला नैवेद्य घालतात, हे सगळीकडेच आहे. आमच्याकडे मात्र पंगत बसते. आषाढापासून बंद असलेलं वांगं त्या दिवशी सुटतं. बाजरीचे रोडगे, वांग्याचं भरीत आणि गुळाचा खडा असं ताट घरटी एक देवळासमोर येतं, मग घरात कुत्रं असो वा नसो. बायका ताटं पुढ्यात घेऊन एका ओळीत बसतात. समोर दीपमाळेशी पुरुष कुत्री धरून उभे राहतात. कोंडाजी वाघ्या एकेका कुत्र्याच्या कपाळाला भंडारा लावतो, दिमडी वाजवतो आणि दोर सुटतात. कुत्रं पहिलं तोंड ज्या ताटात घालील, त्या घरचं ते वर्षभर. मग वर्षभर मूळ मालकानं त्याला बांधायचं नाही की भाकरी टाकायची नाही. ताटामागून हाक मारलेली चालते, जागेवरून उठलेलं चालत नाही.

एरवी ही सगळी करमणूकच. मारुतरावाचं लठ्ठ कुत्रं दरसाल आपलं ताट चाटून शेजारची दोन उष्टी करतं, दोन-चार कुत्र्यांची जुंपते, पोरं हसून लोळतात. कुत्र्यानं घर बदललेलं मी उभ्या जन्मात दोनदा पाहिलं. आणि ज्या घरात माणूस जाऊन वर्ष झालेलं नाही त्या घराला सूट असते. त्यांनी ताट पाठवायचं, कुत्रं घरी बांधून ठेवायचं. देव रागवत नाही.

गोजाबाई हेच सांगत होती. "वर्साच्या आत कशापायी? झाकली मूठ ऱ्हाऊ द्या."

"कसली मूठ?" मी विचारलं.

ती रोडगे परतत राहिली. "मी येनार न्हाई पंगतीला," एवढंच म्हणाली.

"मी बसतो ताटावर."

"बाप्या मानूस बायकांच्या वळीत?"

"देवाला चालतंय."

माझा स्वभावच असा आहे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. हा पीळ केवढा, हे माझ्या भावाला विचारा. सोपानराव माझा धाकटा भाऊ, आमच्या परसापलीकडे त्याचं घर. वाटणीत वडिलांची खिलारी जोडी आम्ही एकेक बैल अशी वाटून घेतली होती. पेरणीला दोघं मिळून जुंपू, असं ठरलं होतं. सोपाननं पहिल्याच वर्षी त्याचा बैल मला न विचारता बाजारात विकला. माझा बैल गोठ्यात दोन महिने रिकाम्या दावणीकडे बघून हंबरायचा. तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, मी सोपानशी बोललो नव्हतो. त्याच्या बायकोशीही नाही, त्याच्या दारातलं पाणीही प्यायलो नव्हतो. ज्योतीरामलाही बजावलं होतं की त्या उंबऱ्यावर पाय ठेवलास तर या उंबऱ्यावर ठेवू नकोस. "हां आण्णा," तो म्हणाला होता. ज्योतीराम घरात फार बोलायचाच नाही. "हां आण्णा" आणि "न्हाई आण्णा". मला वाटायचं, पोरगं शांत आहे.

चंपाषष्ठीला ऊन पडल्यावर मी एका हातात ताट आणि एका हातात दोर धरून देवळात गेलो. भंडाऱ्यानं पायऱ्या पिवळ्या झाल्या होत्या. तळ्या उचलून झाल्या होत्या. मला बघून बायकांची कुजबुज थांबली. मी दोर मारुतरावाच्या हातात दिला. तो म्हणाला, "भिमाआण्णा, आसूं द्या की यंदा." मी ओळीत जाऊन मारुतरावाच्या बायकोच्या, सुभद्राबाईच्या शेजारी बसलो. तिनं पदर सावरून जागा केली. माझ्यापुढे पाच ताटं सोडून सोपानची बायको शालन बसली होती. त्यांच्या घरी कुत्रं नाही. मला बघितल्यावर तिनं पदर कपाळाखाली ओढला.

कोंडाजी बाजिंदच्या कपाळाला भंडारा लावायला वाकला तेव्हा त्याचा हात थबकलेला मला दिसला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्यानं दिमडीवर थाप मारली. "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं आणि दोर सुटले.

धूळ उडाली. बायका "यू यू यू" करून ओरडायला लागल्या. सगळी कुत्री एकदम धावली. मारुतरावाचं कुत्रं नेहमीप्रमाणे सगळ्यात पुढे. बाजिंद मात्र चालत आला. घाई नाही, काही नाही. मधेच थांबून त्यानं ओळीवरून नजर फिरवली.

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की याला नावानं हाक मारायची ही माझी पहिलीच वेळ. "बाजिंद!" आवाज पोराला दटावल्यासारखा निघाला. मी पुन्हा हाक मारली. "ये रं बाजिंद, ये." रोडगा मोडून, त्याला भरीत लावून मी हात पुढे केला. भाजलेल्या वांग्याचा वास मला आला. म्हणजे काहीतरी होत होतं मला, तीन महिन्यांत पहिल्यांदा.

तो आला. माझ्या ताटापर्यंत आला. माझा हात हुंगला, माझा गुडघा हुंगला, एकदा शेपूट हलवली. ओळखीच्या माणसाला रस्त्यात रामराम घालावा, तेवढीच. आणि पुढे गेला. पाच ताटं ओलांडून शालनसमोर उभा राहिला.

शालननं त्याला हाक मारली नव्हती. मला वाटलं, ती आता त्याला जवळ घेईल. तिनं उलट केलं. दोन्ही हात पालथे घालून आपलं ताट झाकलं. "जा रं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "जा माज्या राजा, तुज्या घरी जा. तिकडं बसलंत बग." कोपरानं त्याला ढकललं. बाजिंद हलला नाही. त्यानं बसकण मारली आणि तिनं झाकलेल्या हातांवर हनुवटी ठेवली. रोज ठेवत असल्यासारखी.

बाकीच्या कुत्र्यांचं खाऊन झालं. शेवटी कोंडाजी म्हणाला, "शालनबाय, ताट झाकू नगा. देवाचं हाय ते."

तिनं हात काढले. ती रडत होती. बाजिंदनं सावकाश, तुकडा तुकडा करून रोडगा खाल्ला.

मी आजूबाजूला पाहिलं. कुत्र्यानं घर बदललं की वाडीत केवढा गलका होतो, हे मी दोनदा पाहिलेलं होतं. आज कुणी हूं की चूं केलं नाही. सगळे खाली बघत होते, जसे माझ्या ओसरीवर बसून खाली बघायचे. कुणालाही नवल वाटलेलं नव्हतं. पस्तीस घरांत नवल वाटलेला माणूस मी एकटा.

कोंडाजी जवळ आला. "भिमाआण्णा, दुखवट्याचं घर हाय. यंदाचं धरायचं न्हाई, असं समदे म्हंत्यात. कुत्रं घिऊन जावा."

दीपमाळेजवळून सोपानही पुढे आला होता. अकरा वर्षांनी त्याचा आवाज माझ्यासाठी निघाला. "दादा, कुत्रं तुमचंच हाय. न्या."

मी म्हणालो, "देवाच्या दारात झालं ते झालं." आणि शालनपुढे जाऊन उभा राहिलो. धाकट्या भावजयीशी असं सगळ्यांदेखत बोलायची रीत नाही, पण रीत आता कुठं उरली होती?

"रोज येत व्हता?" मी विचारलं.

"व्हय."

"हे कुत्रं?"

तिनं पदरानं डोळे पुसले. "दोघं बी," ती म्हणाली.

मग मी विचारलं, "कवापास्नं?"

"चार वर्सं तरी झाली भावजी. दिवेलागणीला यायाचा. अर्धी भाकरी खायाचा. लई बोलायचा, हसवायचा आमास्नी. मंग घरी जायाचा."

रिकाम्या हातानं मी घरी आलो. ताट तिथंच राहिलं. गोजाबाई चुलीपुढे बसली होती. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं.

"तुला ठावं व्हतं?" मी म्हणालो.

"समद्यांस्नी ठावं व्हतं."

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगून काय केलं आसतं तुमी?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी ज्योतीरामला घराबाहेर काढलं असतं. मग पुन्हा घेतला असता, पण परसाची वाट बंद केली असती आणि तो "हां आण्णा" म्हणाला असता. मला संताप आला. कुणाचा आला ते कळेना. सगळ्या वाडीची पत्रं वाचणारा मी, माझ्या घरातलं एवढं मोठं पत्र मला कुणी वाचून दाखवलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"भजनाला जातो म्हनायचा," मी म्हणालो.

"भजन सोमवारचंच आसतं," गोजाबाई म्हणाली. "बाकीचं सा दिस तुमी कदी इचारलंत का त्येला, कुटं गेला व्हतास?"

संध्याकाळ झाली. मी दुपारचं जेवलो नव्हतो. गोजाबाईनं भाकऱ्या थापल्या आणि सवयीनं शेवटची एक लहान, कुत्र्याची म्हणून थापली. तव्यावर टाकल्यावर तिच्या लक्षात आलं. ती तशीच बसून राहिली आणि ती भाकरी करपली. धूर झाला. मी उठलो.

"जावा," ती म्हणाली. मी कुठं निघालोय हे मलाच ठाऊक नव्हतं, पण तिला होतं.

परसात शेवग्याच्या मागे गवत होतं. त्या गवतातून एक पायवाट गेली होती, चांगली मळलेली, माणसाच्या एका पावलाएवढी रुंद. माझ्याच परसातून निघून सोपानच्या अंगणात जाणारी. मी ती कधी पाहिली नव्हती. तिच्यावरून चालत गेलो.

सोपान अंगणात होता. मला बघून उठला, आत गेला, घोंगडी आणून अंथरली. त्याचे केस पार पांढरे झाले होते, हेही मी तेव्हाच पाहिलं. बाजिंद कुडाशी पडला होता. त्यानं डोकं उचललं आणि परत खाली ठेवलं.

"ज्योतीराम कुटं बसायचा?" मी विचारलं.

शालननं दाराजवळच्या धोंड्याकडे बोट दाखवलं. बाजिंद त्याच्याशीच लागून पडला होता. मी घोंगडीवर न बसता त्या धोंड्यावर जाऊन बसलो. कुत्रा उठून गेला नाही.

"काय बोलायचा?"

"काय बी," शालन म्हणाली. "शेतातलं, बाजारातलं. नकला करायचा मानसांच्या. आनि पिंपरीला नवा कारखाना झालाय न्हवं का औशदाचा, थितं जायाचं म्हनायचा. दसरा झाला की आण्णांस्नी इचारतो, म्हनायचा. दर येळंला तुमचंच नाव काडायचा. आण्णा काय म्हंतील, आण्णांस्नी आवडंल का."

दसरा भाद्रपदानंतर येतो.

मी समोर बघितलं. तिथून आमचं घर सरळ दिसत होतं. परसाकडची पडवी, पडवीत माझी बाज. अकरा वर्षं रोज संध्याकाळी मी त्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसत आलो, कारण इकडे तोंड केलं तर सोपानचं घर दिसायचं. आता बाज रिकामी होती. चार वर्षं माझं पोर या धोंड्यावर बसून मला काय विचारायचं ते ठरवत होतं आणि समोर त्याला माझी पाठ दिसत होती.

"भावजी, भाकरी वाडू का?" शालन म्हणाली.

मला तिला उत्तर द्यायचं होतं, पण घशातून भलताच आवाज आला. मग मला तो थांबवता येईना. सोपाननं माझ्या पाठीवर हात ठेवला. भाद्रपदापासूनचं सगळं त्या अंगणात बाहेर पडलं, मोठ्यानं, आजूबाजूच्या घरांना ऐकू जाईल असं. पलीकडे आमच्या पडवीत गोजाबाई कंदील घेऊन बाहेर आली. तिनं कंदील वर धरून इकडे बघितलं आणि मग ती माझ्या बाजेवर बसली, तोंड आमच्याकडे करून.